पंढरीची नगरप्रदक्षिणा : फिरून तिथेच येण्याचा अर्थ

पंढरपुरात एकादशीला वारकऱ्याचा नेम ठरलेला असतो. चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नगरप्रदक्षिणा आणि मग विठ्ठलाचे दर्शन. गाभाऱ्यापर्यंत पोहोचता आले नाही तर मंदिराच्या दारातल्या नामदेव पायरीला हात लावून किंवा कळसाला हात जोडूनही वारी पुरी होते. या नेमातली नगरप्रदक्षिणा म्हणजे मंदिर मध्ये ठेवून गावातून फिरणारी छोटीशी गोल वाट. ती बाजारातून जाते, मठांसमोरून जाते, घाटांच्या माथ्याला लागते आणि निघालेल्या माणसाला निघाल्या जागी आणून सोडते. आळंदीहून किंवा देहूहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत आलेला माणूस शेवटी या वाटेवर पुन्हा चालतो.

या चालण्यामागे दोन जुने प्रश्न उभे आहेत. देव सर्वत्र भरलेला असेल तर फिरायचे कशाभोवती? आणि जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे हे धर्माचे साध्य असेल, तर आणखी एक फेरा घालणे हे धर्मकृत्य कसे? वारकरी परंपरेने या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत दिली आहेत, तशी पायांनीही दिली आहेत. त्यांच्याबरोबर तिसरा प्रश्नही येतो आणि तो अधिक अवघड आहे : ज्याच्याभोवती फिरायचे तिथे जाण्याचा अधिकार कोणाला?

वाट आणि पेठ

भीमाशंकरला उगम पावलेली भीमा पंढरपूरजवळ चंद्रकोरीसारखे वळण घेते. तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. गाव तिच्या उजव्या तीरावर वसले आहे. विठ्ठलाचे मंदिर नदीपासून थोडे आत, चढावर आहे आणि त्याचे महाद्वार पूर्वेला, नदीच्या दिशेने उघडते. महाद्वारातून उतरणारा रस्ता सरळ महाद्वार घाटावर जातो. त्याच्या दोन्ही अंगांना दत्त घाट, कुंभार घाट, उद्धव घाट असे घाट आहेत. घाटांच्या वर होळकरांचा वाडा आहे, तसेच ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी बांधलेले द्वारकाधीशाचे मंदिर आहे. पुंडलिकाचे देऊळ खाली वाळवंटात, नदीच्या पात्रातच आहे. पूर आला की ते पाण्यात जाते.

प्रदक्षिणेची वाट चौफाळा, नाथ चौक, तांबडा मारुती, महाद्वार, कालिकादेवी चौक, काळा मारुती अशी जाऊन पुन्हा चौफाळ्याला मिळते. प्रत्येक दिंडी आपल्या मठापासून या वाटेला लागते. वर्तुळाला पहिले टोक नसते, त्यामुळे कोणी कुठून सुरुवात केली याने फरक पडत नाही. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. टाळांचा ठेका दुकानांच्या फळ्यांवरून परत येतो आणि मागची दिंडी पुढच्या दिंडीच्या अभंगात शिरू नये म्हणून मध्ये थोडे अंतर सोडले जाते. आषाढीला हे अंतरही उरत नाही.

या वाटेवर पंढरपूरची पेठ आहे. बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, कुंकू, तुळशीच्या माळा, टाळ, पखवाज, चुरमुरे, बत्तासे, साखरफुटाणे, पेढे हा तिचा माल. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांवर इथल्या दुकानदाराचे वर्ष उभे असते. कार्तिकीला जनावरांचा बाजार भरतो आणि खिल्लार बैलांची खरेदी-विक्री होते. वारीला आलेला शेतकरी देवाला भेटतो, तसा बैलही पाहतो. देवाभोवतीची वाट बाजार टाळून काढता आली असती, असे मानण्याचे कारण नाही. हे गाव देवळाभोवतीच वाढले आहे. त्यामुळे प्रदक्षिणेत केवळ देव येत नाही, त्याच्याभोवती चाललेला घेण्यादेण्याचा सगळा संसार येतो. संसार न सोडता परमार्थ करावा, ही वारकरी संतांची शिकवण. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार यांनी आपापला धंदा न सोडता भक्ती केली. पेठेतून जाणारी प्रदक्षिणा ही या शिकवणुकीला साजेशीच आहे.

प्रदक्षिणेचा विधी

ज्याची प्रदक्षिणा करायची ते उजव्या हाताला ठेवून चालायचे, हा विधीचा गाभा. उजवी बाजू मंगल मानलेली असल्याने आदराची वस्तू तिकडे ठेवतात आणि सूर्याची दिशाही तीच मानली जाते. पितृकार्यात आणि अंत्यविधीत दिशा उलटी होते. शंकराच्या पिंडीला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ ओलांडायची नाही, म्हणून भक्त तिथपर्यंत जाऊन मागे फिरतो. नर्मदेच्या परिक्रमेत संपूर्ण नदी उजव्या हाताला ठेवून महिनोन्महिने चालतात.

ही कल्पना एका धर्मापुरती नाही. कार्ले आणि भाजे येथील बौद्ध चैत्यगृहांत खांबांच्या रांगेमागून स्तूपाभोवती फिरण्याची वाट मुद्दाम राखलेली आहे. मक्केत हाजी काबागृहाभोवती सात फेरे घालतात. तिथे काबागृह डाव्या हाताला असते. दिशा आणि संख्या बदलतात, पण मध्ये एक स्थिर आणि त्याच्याभोवती फिरणारा माणूस, ही मांडणी टिकते.

यात्रा आणि प्रदक्षिणा यांत मोठा भेद आहे. यात्रेत प्रत्येक पावलाला देवापासूनचे अंतर कमी होते आणि पोहोचले की यात्रा संपते. प्रदक्षिणेत कितीही चालले तरी अंतर तेवढेच राहते. यात्रेकरूला पुढे जायचे असते, त्यामुळे मागे कोण राहिले याची त्याला खंत किंवा फुशारकी वाटू शकते. प्रदक्षिणेत पुढचा आणि मागचा देवापासून सारखेच दूर असतात. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात म्हातारा तरुणाच्याही पाया पडतो. त्या रिवाजाचा अर्थ या वाटेवर सहज कळतो. शिवाय प्रदक्षिणेत देवळाची चारही अंगे दिसतात. महाद्वाराची शोभा दिसते आणि पाठीमागची भिंतही दिसते. आपल्याला आवडणाऱ्या एकाच बाजूने देव पाहण्याची सोय ही वाट ठेवत नाही.

सर्वव्यापी देवाभोवती कसे फिरायचे?

आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या परापूजा स्तोत्रात हा आक्षेप थेट मांडला आहे. जे सर्वत्र पूर्ण आहे त्याचे आवाहन कुठून करणार, आणि ज्याला अंत नाही त्याची प्रदक्षिणा कशी करणार? तर्काने पाहिले तर प्रदक्षिणेला बाहेर हवे आणि अनंताला बाहेर नाही.

नामदेवांच्या चरित्रकथेत हाच आक्षेप एका प्रसंगातून येतो. गुरूच्या शोधात नामदेव औंढ्या नागनाथाला गेले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले. नामदेवांनी हटकल्यावर विसोबांनी सांगितले की जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवतील तिथे पिंड उभी राहू लागली. कथा इथे संपली असती तर पंढरपूरला परत जाण्याचे कारणच उरले नसते. पण नामदेव परत आले, विठ्ठलासमोर कीर्तने करीत राहिले आणि महाद्वाराच्या पायरीशी देह ठेवला, असे परंपरा सांगते. देव सगळीकडे आहे हे कळल्यावरही एका जागी परत येण्यात त्यांना विसंगती वाटली नाही.

ती का वाटू नये, याचे तात्त्विक उत्तर ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’त आहे. त्याच्या नवव्या प्रकरणात अद्वैतात भक्ती कशी संभवते याचा विचार आहे. डोंगर खोदून लेणे काढले तर मूर्ती, देऊळ आणि मूर्तीपुढचा परिवार ही सारी एकाच खडकाची असतात, तरीही त्यांच्यात देव आणि भक्त हा व्यवहार दिसतो. तसा भक्तीचा व्यवहार एकत्व न मोडता होऊ शकतो, असे ज्ञानेश्वर म्हणतात. त्याच प्रकरणात त्यांनी ज्ञानी पुरुषाच्या साध्या चालण्याला शिवाची यात्रा म्हटले आहे, आणि त्या यात्रेत तो कुठे गेलेलाही नसतो. देव आणि भक्त ही दोन टोके आहेत म्हणून भक्ती घडते, हे गृहीतच ज्ञानेश्वर बाजूला ठेवतात. एकच सत्ता दोन्ही बाजूंनी प्रेमाचा आनंद घेते, अशी त्यांची भूमिका आहे.

या भूमिकेवरून पाहिले तर प्रदक्षिणेचा मध्यबिंदू हा देवाची सीमा नसून माणसाच्या ध्यानाची सोय आहे. सर्वत्र असलेले कुठेच नीट दिसत नाही, म्हणून एका ठिकाणी पाहण्याचा सराव करायचा. गणपतीने आईवडिलांभोवती फेरी घालून पृथ्वीप्रदक्षिणेचे पुण्य मिळवल्याच्या कथेतही हीच दृष्टी आहे.

पंढरपूरच्या कथेत आणखी एक वेगळेपण आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करीत असताना देव त्याला भेटायला आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही. उभे राहायला म्हणून वीट भिरकावली आणि देव तिच्यावर उभा राहिला. म्हणजे ज्याच्याभोवती सगळी पंढरी फिरते तो देव स्वतः एका माणसाच्या कर्तव्यापायी थांबलेला आहे. एकादशीच्या नेमात विठ्ठलाच्या आधी पुंडलिकाचे दर्शन येते, त्याचे कारण हेच. इथल्या वर्तुळाच्या मध्यावर सत्ता गाजवणारा स्वामी नाही, वाट पाहणारा पाहुणा आहे. घरातली सेवा टाकून आलेल्याला ही प्रदक्षिणा पुण्य देईल, असे ही कथा कुठेच म्हणत नाही.

फेऱ्यातून सुटका की फेऱ्याचाच स्वीकार?

विठ्ठल मंदिरात तेराव्या शतकातला एक शिलालेख आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळात देवळाला मिळालेल्या दानांची नोंद त्यावर आहे. देणाऱ्यांत यादवराजा रामदेवराव आणि त्याचा प्रधान हेमाद्री यांची नावे येतात. लोक त्याला चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणतात. या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रूढ झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठींनी त्यावरची अक्षरे झिजली. दान देणाऱ्यांची नावे मागे पडत गेली आणि सुटकेची आस तेवढी दगडावर उरली.

भारतीय दर्शनांच्या मुख्य प्रवाहात संसार हे चक्र आहे आणि मोक्ष म्हणजे त्यातून बाहेर पडणे. दगडाला पाठ घासणाऱ्याची इच्छा या विचाराशी सुसंगत आहे. वारकरी संतांचा मार्ग मात्र इथे वळण घेतो. त्यांनी सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चारही मुक्तींपेक्षा भक्ती वरचढ मानली. तुकारामांनी तर मोक्ष नको, संतांची संगत आणि नाम मिळणार असेल तर पुन्हा जन्म चालेल, असे मागणे मागितले.

यावर वेदान्ती आक्षेप घेतो की जन्माची इच्छा ही शेवटी इच्छाच, आणि इच्छा हीच बंधनाचे मूळ. आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर चक्राच्या रचनेत शोधावे लागते. संसाराच्या चक्रात मध्ये ‘मी’ असतो. माझे सुख, माझी भीती, माझे घर यांच्याभोवती माणूस फिरतो आणि मध्यबिंदूच अस्थिर असल्याने त्याला फरफट वाटते. प्रदक्षिणेत मध्यभागी दुसरे कोणीतरी आहे आणि ‘मी’ परिघावर गेला आहे. तेच पाय, तोच बाजार, तेच पुन्हा जागेवर येणे; पण फिरणाऱ्याचे ठिकाण पालटले आहे. संतांनी मागितलेला जन्म हा असा परिघावरचा जन्म आहे. बंधन पुन्हापुन्हा येण्यात नसून स्वतःला केंद्र मानण्यात आहे, असे वारकरी मताचे सार सांगता येईल.

म्हणूनच या संप्रदायात पुनरावृत्ती कमी प्रतीची मानली जात नाही. तुळशीची माळ घातली की दरवर्षी वारी आलीच. यंदा दर्शन झाले म्हणून पुढच्या वर्षी सुटका नाही, आणि ती कोणी मागतही नाही. पालखीच्या वाटेवरच्या गोल रिंगणातही हाच आकार दिसतो. ज्ञानेश्वर माउलींचा अश्व मोकळ्या मैदानात फेऱ्या घेतो आणि तो पुढे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. घोडा कुठेही पोहोचत नाही, तरी दिवस सार्थकी लागल्याची भावना सगळ्या तळावर असते.

परीघ, केंद्र आणि चोखोबा

परिघावर सगळे सारखे, हे विधान एका अटीवरच खरे आहे. मध्यबिंदू सर्वांना सारखाच खुला हवा. पंढरपुरात शतकानुशतके तो तसा नव्हता.

मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली संत चोखामेळा, म्हणजेच चोखोबा, गेले, अशी परंपरा आहे. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. चोखोबांनी आयुष्यभर विठ्ठल आळवला, पण महार म्हणून त्यांना देवळात जाता आले नाही. त्यांच्यानंतरही अस्पृश्य मानलेल्या भक्तांना या समाधीपलीकडे जाण्याची मुभा नव्हती. काही पावलांवर नामदेवांची पायरी आणि अलीकडे चोखोबांची समाधी. भक्तांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागितली, असे सांगतात. भक्त त्या पायरीवर पाय न ठेवता हात लावून पुढे जातात. तिथे हात लावण्याचाही अधिकार चोखोबांच्या जातभाईंना नव्हता.

बाहेर राहिलेल्या भक्ताला प्रदक्षिणा आणि कळसदर्शन हा आधार होता, हे खरे आहे. गाभारा मिळाला नाही तरी देव मिळतो, ही श्रद्धा त्यातून टिकली. परंतु स्वेच्छेने परिघावर राहणे आणि जबरदस्तीने तिथे ठेवले जाणे यांत नैतिक भेद आहे. पहिल्यात नम्रता असते, दुसऱ्यात अपमान. देव सर्वत्र आहे, मग आत जाण्याचा हट्ट कशाला, असा युक्तिवाद आत असणाऱ्याने बाहेर असणाऱ्याला ऐकवणे हा अद्वैताचा गैरवापर आहे. देव सर्वत्र आहे म्हणूनच कोणालाही कुठेही अडवण्याचे कारण उरत नाही, एवढाच निष्कर्ष त्या सिद्धान्तातून निघतो.

साने गुरुजींनी ही विसंगती सहन केली नाही. विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर ते सुटले. भागवत धर्माची समतेची भाषा तोपर्यंत वाळवंटातल्या कीर्तनात घुमत होती. उंबरठ्याच्या आत ती गेली ती या आंदोलनानंतर. प्रदक्षिणेच्या तत्त्वज्ञानाला त्या दिवशी आधार मिळाला, कारण आत जाता येत असताना बाहेरून फिरणे हीच खरी प्रदक्षिणा.

नदीचा वाटा

या वर्तुळाची पूर्वेची बाजू नदीने पुरी केली आहे. स्नानाशिवाय नेम पुरा होत नाही आणि पुंडलिकाकडे जायचे तर वाळवंटातून जावे लागते. आज नदीचे पाणी वरच्या उजनी धरणावर अवलंबून असते. वारीच्या वेळी स्नानासाठी पाणी सोडावे लागते. सांडपाणी, वाळूचा उपसा आणि लाखोंच्या गर्दीनंतर उरणारा कचरा यांनी पात्राची दशा झाली आहे. राज्य सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ हा उपक्रम त्यासाठीच हाती घेतला.

धार्मिक दृष्टीने हा गौण विषय नाही. जे उजव्या हाताला ठेवायचे ते आदराचे, हा विधीचा नियम. पण ज्या वाटेवरून चालायचे तीही पूजेचाच भाग आहे. नदीत घाण टाकून मंदिराला फेरी घालणाऱ्याने वर्तुळ अर्धेच काढलेले असते. गाडगेबाबांनी पंढरपुरात येऊन दर्शनाच्या गर्दीत शिरण्याऐवजी हातात खराटा घेतला आणि वाळवंट झाडले. यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांचे झाडणे हे प्रदक्षिणेचेच एक रूप होते : मध्ये देव, आणि आपण त्याच्या सभोवतीच्या माणसांच्या सेवेत.

प्रदक्षिणा अनिवार्य आहे का?

२०२० मध्ये साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि लाखो वारकऱ्यांनी घरीच नाम घेतले. वारी चुकली म्हणून देव रुसला, असे कोणी म्हटले नाही. वाटा पुन्हा खुल्या झाल्यावर २०२२ मध्ये पालख्या पायी निघाल्या आणि माणसे तशीच लोटली. या दोन्ही गोष्टींत संप्रदायाचे उत्तर सामावले आहे. प्रदक्षिणेची गरज देवाला नाही आणि न घडल्यास पापही नाही. तरीही संधी मिळताच माणूस ती करतो, कारण तिची गरज त्याला स्वतःला आहे.

ती गरज तीन प्रकारची. स्वतःला मध्यावरून हलवून परिघावर नेण्याचा सराव माणसाला शरीरानेच करावा लागतो. निव्वळ विचाराने तो होत नाही. आपल्या शेजारी, पुढे आणि मागे चालणारे तितकेच जवळ आहेत हे दिंडीत चालताना अनुभवाला येते. आणि देवळाबाहेरचे गाव, पेठ व नदी हीही त्याच भक्तीच्या कक्षेत आहेत, याची आठवण ती वाट दर फेरीला करून देते. यांपैकी एकही गोष्ट एकदा चालून कायमची साधत नाही. म्हणून वाट माणसाला निघाल्या जागी आणते आणि दुसऱ्या एकादशीला पुन्हा बोलावते.